साळुबाईंचा भिंतीवरचा फोटो

भरतराव पडवळांनी जुना कॅमेरा घेतला तो आईचा फोटो काढायला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे त्यांच्या कळंबात आणि जवळच्या मंचरात त्याची जी कारणं सांगितली गेली, त्यात भरतरावांना बिबट्याचा फोटो काढून पेपरात यायचंय इथपासून ते पतसंस्थेतली नोकरी सोडून लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्यात इथपर्यंत सगळं होतं. भरतरावांनी सुरुवातीला एकेकाला थांबवून खरं काय ते सांगितलं. नंतर तोही नाद सोडला.

खरं काय ते असं. भरतरावांचे वडील सावळारामगुरुजी आदल्या वर्षी गेले, तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो सापडेना. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस. शाळेच्या प्रत्येक ग्रुप फोटोत ते होते. पण प्रत्येकात मान वळवून मागच्या रांगेतल्या पोरांना दटावत होते. दशक्रियेला फोटो तर ठेवायलाच हवा. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. आता आधार कार्डावर कोण चांगलं दिसतं? पण तिथं तो नखाएवढा असतो म्हणून खपून जातो. गुरुजी दीड फुटी चौकटीत आले आणि असे दिसायला लागले की कुणीतरी त्यांना घरातून उचलून आणून पोलीस ठाण्यात उभं केलंय. प्रवचनकार महाराज त्यांच्या शांत, समाधानी स्वभावावर तासभर बोलले आणि लोक एकदा महाराजांकडे, एकदा फोटोकडे बघत राहिले.

साळुबाईंनी, म्हणजे भरतरावांच्या आईंनी, हे सगळं पाहून ठेवलं. वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बशीत चहा ओतता ओतता त्यांनी विषय काढला.

"भरत्या, माझ्या वक्ताला असलं ध्यान नको बाबा. हाय तवर माझा एक फोटो काढून ठिव."

"काढू की. पप्पूच्या स्टुडिओत जाऊन येऊ."

"त्या पप्प्याकडं नको. त्यो समद्यांना गोरं करतो. सखूबाईनं काढून घेतलेला फोटो बगितला न्हाईस व्हय? तिच्या सुनंला वाटलं दुसऱ्याच कुणाचा आणला. माझा फोटो मी हाय तसा पायजे. बगणाऱ्यानं म्हणलं पायजे, ही साळुबाई. तूच काढ तू."

'तूच काढ' हे शब्द भरतरावांच्या थेट काळजात जाऊन बसले. पन्नाशी उलटलेल्या माणसावर कुणी विश्वास टाकायचे प्रसंग तसे कमीच येतात. पतसंस्थेत ते वरिष्ठ लेखनिक होते, पण त्यांच्या सहीनंतर आणखी दोघांच्या सह्या लागत. घरात तर गॅसची टाकी बदलायलासुद्धा त्यांची पत्नी शालन त्यांना बाजूला व्हायला सांगायची. तेव्हा या कामात मागे हटायचं नाही असं त्यांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत ठरवून टाकलं.

पुण्यात नोकरी करणारी त्यांची मुलगी संस्कृती फोनवर म्हणाली, "बाबा, मी रविवारी येते ना, माझ्या फोननं काढते. दोन मिनिटांचं काम आहे."

"आजीचा फोटो भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणार आहे. तो काय फोनवर काढतात?"

"मग कशावर काढतात?"

याचं उत्तर शोधायला भरतरावांनी आठवडाभर इंटरनेटवर वाचन केलं. सेन्सर, शटर, ॲपर्चर असे शब्द ते जेवतानाही बोलू लागले. शेवटी निष्कर्ष निघाला की आईच्या चेहऱ्याला न्याय द्यायचा तर डीएसएलआरच हवा. नवा घेण्याची गोष्ट त्यांनी शालनसमोर काढली. शालन भाकरी थापत होती. तिनं फक्त थापायची थांबून एकदा वर पाहिलं. त्यावरून भरतरावांना जुन्या कॅमेऱ्यांमध्ये काय गुण असतात ते आपोआप दिसायला लागलं.

पतसंस्थेत त्यांनी जुना कॅमेरा घेत असल्याची बातमी डबा खाताना सांगितली. शेजारच्या टेबलावरच्या हांडे कॅशियरनं विचारलं, "किती मेगापिक्सेल?"

"दहा."

"माझ्या फोनला पन्नास आहेत."

"पिक्सेल किती याला महत्त्व नसतं हांडे. एकेक पिक्सेल केवढा याला असतं."

"आमचे वडीलपण असंच म्हणतात," हांडे भेंडी चावत म्हणाला, "ज्या साली कांदा कमी निघतो त्या साली."

कॅमेरा मिळाला मंचरात फतेचंदशेठच्या कापड दुकानात. शेठ आता दुकानात बसत नसत, मुलगा जिनेश बघायचा. शेठनी शिखरजीच्या यात्रेला जाताना हौसेनं तो कॅमेरा घेतला होता आणि पुढे काही वर्षं सगळ्या तीर्थांना गळ्यात घालून नेला होता. नंतर तो शालूंच्या कपाटात जाऊन पडला. जिनेशनं बाहेर काढला तेव्हा त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

"काका, वस्तू जुनी आहे, पण पप्पांनी जिवापाड जपलीय," जिनेश म्हणाला. "एन्ट्री लेव्हल म्हणतात याला."

"म्हणजे?"

"म्हणजे अगदी शिकाऊ माणसासाठी."

भरतरावांना 'शिकाऊ' हा शब्द जरा लागला. पण त्यांनी मान डोलावली. जिनेशनं पुढं सांगितलं की कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स कधीच पडून फुटली. ही दुसरी आहे ती त्याहून जुनी, पण चेहऱ्याला एक नंबर. अडचण एवढीच, की ही लेन्स फिरवायला कॅमेऱ्याच्या आत मोटार लागते आणि या मॉडेलला कंपनीनं ती दिलेली नाही. त्यामुळे फोकस आपोआप होत नाही, रिंग हातानं फिरवावी लागते.

"उलट उत्तमच की," भरतराव म्हणाले. "माणसाच्या हाताची सर यंत्राला येते का?"

हे वाक्य त्यांनी इतक्या रुबाबात टाकलं की पुढं त्यांचे जे हाल झाले, त्यात त्यांची चूक नाही असं म्हणायला जागाच उरली नाही.

कॅमेरा बघायला महाळुंगे पडवळहून त्यांचा चुलतभाऊ जानकू मुद्दाम आला. जानकूची शेती बागायती, चार विहिरी, त्यामुळे मोटार म्हटली की अधिकार त्याचा. त्यानं कॅमेरा कानाशी धरून हलवून पाहिला.

"मोटारच न्हाई म्हणतोस? आन् दिली कशी मग त्यानं? आरं जळली आसंल. मंचरात आपला वायंडिंगवाला हाय, संध्याकाळपातुर भरून देतो. माझं नाव सांग."

भरतरावांनी त्याला सेन्सर आणि शटर यांची माहिती दिली. जानकूनं सगळी ऐकून घेतली आणि जाताना शालनला बाजूला घेऊन वायंडिंगवाल्याचा नंबर देऊन गेला.

यानंतर मेमरी कार्डाची भानगड. एवढ्या जुन्या कॅमेऱ्याला आताची मोठाली कार्डं चालत नाहीत. मंचरातल्या दुकानदारानं 'एवढं बारकं आता कोण ठेवतं' म्हणून हात झटकले. भरतराव घरी आले ते विचार करतच, आणि त्यांची नजर आईच्या उशाशी असलेल्या भजनाच्या डब्यावर गेली. बटण दाबलं की हरिपाठ लागायचा, असा तो छोटा स्पीकर. त्यात अगदी बारकं, जुनं कार्ड होतं. त्यांनी ते काढलं, ॲडॉप्टरच्या खोळीत घालून कॅमेऱ्यात सरकवलं. पडद्यावर काहीतरी प्रश्न उमटला. पतसंस्थेत पडद्यावर काहीही आलं तरी ओके दाबायची भरतरावांना वीस वर्षांची सवय. त्यांनी ओके दाबलं आणि अख्खा हरिपाठ, त्यामागचे अभंग आणि काकडआरती जागच्या जागी पुसली गेली.

पहाटे साळुबाईंनी डब्याचं बटण दाबलं. परत दाबलं. मग हाक आली, "भरत्या, माझा हरिपाठ कुठं गेला?"

संस्कृतीनं पुण्याहून दुसरं कार्ड भरून आणेपर्यंत भरतरावांना रोज पहाटे उठून आईच्या खाटेशी बसून हरिपाठ म्हणावा लागला. त्यांचा आवाज बेताचाच. शेजारच्या सखूबाईनं शालनला विचारलं, "भरतभाऊंच्या पोटात लई दुखतंय का गं?"

एवढं सगळं झाल्यावर फोटो काढायचा दिवस उगवला. भरतरावांनी अंगणात खुर्ची मांडली, मागं दोरीवर चादर टांगली. साळुबाई ठेवणीतलं नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन बसल्या. तोवर शेजारणीशी चाललेल्या त्यांच्या गप्पा अगदी रंगात आल्या होत्या. पण भरतरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला मात्र, साळुबाईंनी श्वास रोखला, डोळे वटारले, ओठ आवळले आणि त्या दगडासारख्या झाल्या.

"आई, जरा सैल बस की."

"तू काढ," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "हाललं की बिगडतं."

"आजकाल नाही बिघडत."

"काढ लवकर. दम कोंडलाय."

भरतराव रिंग फिरवत राहिले. त्या काचेतून त्यांना सगळं जरा धुरकटच दिसायचं. इकडं फिरवलं तर आई धूसर, तिकडं फिरवलं तर आई जास्त धूसर. जुनी वस्तू आहे, काच दमली असेल, असं म्हणून त्यांनी अंदाजानं दाबलं. फोटो संगणकावर पाहिला तर आईच्या जागी पदर घेतलेला ढग बसला होता, आणि मागं शेजाऱ्यांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरची बारीक अक्षरंसुद्धा स्वच्छ वाचता येत होती. भरतरावांनी चादर सरकवली, खुर्ची हलवली, सकाळी काढले, उन्हं कलल्यावर काढले. एकदा तुळस छान आली. एकदा वाळत घातलेला त्यांचाच बनियन असा आला की त्याची भोकं मोजून घ्यावीत. आई तेवढी एकदाही आली नाही.

शेवटी त्यांना वाटलं, आपल्यालाच मोतीबिंदू झाला. ते घोडेगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले डोळे ठणठणीत आहेत. एरवी ही आनंदाची बातमी; पण भरतरावांचा चेहरा पडला. आता दोष द्यायला स्वतःशिवाय कुणी राहिलं नव्हतं.

शालन म्हणाली, "अहो, एकदा पप्पूला विचारा ना. माणूस रोज हेच करतो."

भरतरावांचं मन तयार होईना. तरी ते पप्पूच्या स्टुडिओत गेले. तिथं पोचल्यावर मात्र कॅमेऱ्याबद्दल विचारायला जीभ रेटेना, म्हणून त्यांनी सहज आल्यासारखं करून विचारलं, "पप्पू, भिंतीवर लावायला चौकट केवढी लागते रे? आईच्या फोटोला."

पप्पूचा चेहरा एकदम बदलला. त्यानं उठून त्यांना खुर्ची दिली.

"आईसाहेबांची तब्येत कशीय आता?"

"बरी आहे की."

"हां, हां. आसूदे," पप्पू हळू आवाजात म्हणाला. "तुमी काळजी करू नका भाऊ. येळंला फ्लेक्स, बॅनर, समदं माझ्याकडं लागलं. तुमी फक्त एक फोन टाका."

भरतराव घरी पोचायच्या आत बातमी पुढं गेली होती. गावाकडं म्हातारं माणूस फोटो काढायला बसलं की त्याचा एकच अर्थ होतो. त्यातून मुलगा स्वतः पहाटे उठून आईच्या उशाशी हरिपाठ म्हणतोय, हे सखूबाईनं गल्लीभर सांगितलेलंच होतं. आता चौकटीचं मापही विचारून आला म्हटल्यावर लोकांनी शंका तरी कशाला घ्यायची?

दुसऱ्या दिवसापासून पाव्हणे यायला लागले. आधी भावकी, मग सोयरे, मग साळुबाईंच्या माहेरची माणसं तळेघरहून पायपीट करत, मिळेल त्या जीपनं. आल्यावर बायका दारातच पदर डोळ्याला लावायच्या. पुरुष मोसंबीची पिशवी खाली ठेवून भरतरावांच्या खांद्यावर हात ठेवायचे. भरतराव सांगायला जायचे, "अहो, ती चांगली आहे," की लोक म्हणायचे, "धीर सोडू नका."

साळुबाईंना सुरुवातीला हे काय चाललंय ते कळेना. कळलं तेव्हा त्यांनी त्याचा पुरेपूर लाभ घेतला. ज्या भाचीनं दहा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं ती आली. ज्या नणंदेनं लग्नातल्या मानपानावरून अबोला धरला होता ती येऊन पायाशी बसली. साळुबाई खाटेवर मागं टेकून बसत, सगळ्यांची विचारपूस करत आणि मोसंबी सोलून खात. शालन मात्र दिवसभर चहाच्या आधणाशी उभी. रात्री ती भरतरावांना फक्त एवढंच म्हणाली, "फोननं काढला असता तर?"

भरतरावांनी कूस बदलली.

मग आला जानकू. त्याचा मुलगा स्वराज, त्याचं लग्न वैशाखात ठरलं होतं. जानकू बराच वेळ टोपीशी चाळा करत बसला आणि म्हणाला, "दादा, लगीन जरा अलीकडं धरलंय. तुळशीचं लग्न झालं की लगीच."

"एवढी घाई?"

"घाई न्हाई. वैशाखात ऊन लई आस्तं. पावण्यांना तरास."

आतून खाटेवरून आवाज आला, "जानक्या, माझ्या सुतकाच्या भ्यानं मुहूर्त हलिवलास व्हय रं?"

जानकूला घाम फुटला. भावकीत कुणी गेलं की सुतकात लग्न लागत नाही, तेव्हा त्याचा हिशोब व्यवहाराला धरून होता. पण तो असा खाटेवरून बाहेर येईल हे त्यानं धरलं नव्हतं. तो हात जोडून उभा राहिला. साळुबाई मात्र रागावल्या नव्हत्या. त्या पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगत होत्या, "माझ्यापायी आख्खं लगीन हाललं."

याच सुमाराला साळुबाईंच्या पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला द्यायचा होता. भरतरावांनी फॉर्मवर स्वतः काढलेल्यांपैकी त्यातल्या त्यात बरा फोटो चिकटवला. खिडकीतल्या बाबूनं फॉर्म हातात घेतला, फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला.

"पडवळसाहेब, हा फोटो हयात माणसाचा वाटत नाही हो."

"म्हणजे काय?"

"आणि आमच्या कानावरही आलंय... वाईट वाटून घेऊ नका. आता ओळख पटल्याशिवाय मला पुढं पाठवता येत नाही."

भरतराव चिडले, नियम दाखवा म्हणाले. बाबूनं नियम दाखवला. मग साळुबाईंना रिक्षात घालून बँकेत आणावं लागलं. त्या खिडकीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "मी हाय. बगा." बाबूनं आपला फोन उचलला, खिडकीतूनच टक् करून त्यांचा फोटो काढला आणि फॉर्मला जोडला. भरतरावांनी वाकून पाहिलं. फोटोत साळुबाई तशाच, श्वास रोखून, डोळे वटारून, पण स्वच्छ. भरतराव रिक्षातून घरी आले. कॅमेरा त्यांनी पिशवीत घातला आणि परत करायचं ठरवलं.

तो परत करायला मंचरला जावं लागलं नाही. रविवारी जिनेश आपल्या वडिलांनाच घेऊन दारात हजर झाला. फतेचंदशेठ थकले होते, जाड भिंगाचा चष्मा, हातात काठी. साळुबाईंची आणि त्यांची ओळख जुनी. गुरुजींच्या लग्नाचं कापड त्यांच्या वडिलांच्या दुकानातलं.

"साळुबाई, ऐकून राहवलं नाही. म्हटलं भेटून यावं," शेठ अंगणातल्या खुर्चीवर टेकत म्हणाले.

"बसा शेठ. मला कायबी झालं न्हाई. ह्यानं फोटो काढायला घेतला, तवापासनं समद्यांनी मला वाटंला लावलंय."

शेठना आपला कॅमेरा बघायचा होता. भरतरावांनी नाइलाजानं पिशवीतून काढला आणि झाली हकिगत सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात साळुबाईंनी हात पुढं केला.

"आण हिकडं. बगू तर दे त्यात काय दिसतंय, की तू एवढा घामाघूम हुतोस."

त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी धरून डोळ्याला लावला आणि समोर उभ्या असलेल्या भरतरावांवर रोखला. भरतरावांनी रिंग कुठली ते दाखवलं. साळुबाईंनी ती दळणाचं जातं फिरवावं तशी सावकाश फिरवली, थोडी मागं घेतली, आणि थांबल्या.

"अगं बाई!"

"काय झालं?"

साळुबाईंनी कॅमेरा डोळ्याला आणखी घट्ट दाबला. त्यांची दूरची नजर जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. चष्मा होता, पण तो देव्हाऱ्यात पोथीजवळ असायचा. आता त्या बघतच राहिल्या.

"भरत्या, तुझी भुवई पिकली की रं."

"हो. असेल."

"आन् गळा केवढा वाळलाय. डोळ्याखाली काय झालंय तुझ्या? कवा झालास रं तू म्हातारा?"

भरतराव उगीच केस सारखे करत राहिले.

शेठ म्हणाले, "आता कळलं. भरतभाऊ, डोळ्यापाशी बारीक चाक आहे ना, ते मी माझ्या नंबरावर लावून ठेवलंय. चष्मा काढून बघता यावं म्हणून. ज्याच्या डोळ्याचा नंबर माझ्यासारखा, त्यालाच त्यात नीट दिसणार. तुम्ही ते फिरवलंच नाही का?"

"कुठलं चाक?" भरतराव म्हणाले.

म्हणजे इतके महिने ते फतेचंदशेठच्या डोळ्यांनी आपली आई शोधत होते. डॉक्टरकडे जाऊन आले, पाव्हण्यांना चहा पाजला, लग्नाचा मुहूर्त हलवला, आणि चाक मुगाच्या दाण्याएवढं. जिनेशनं हसू लपवायला खोकल्याचा आधार घेतला. शालननं तोही घेतला नाही, ती सरळ हसली.

भरतरावांनी आईच्या हातातून कॅमेरा घेतला, चाक हळूहळू फिरवलं आणि डोळ्याला लावला. धुरकटपणा गेला. समोर आई होती. हनुवटीवरचं गोंदण दिसलं, कपाळावरची बारीक जाळी दिसली, पदराखालून सुटलेली पांढरी बट दिसली. साळुबाईंचं कॅमेऱ्याकडे लक्षच नव्हतं. श्वास रोखायचं, डोळे वटारायचं त्या साफ विसरल्या होत्या. आत्ता काचेतून पाहिलेला मुलगा आता नुसत्या डोळ्यांनी दिसतो का ते त्या बघत होत्या, मान किंचित तिरकी करून, आणि त्याच्यासाठी जीव तुटत असल्यासारख्या. भरतरावांनी दाबलं.

फोटो स्वच्छ आला. पप्पूनं तो पडद्यावर पाहून विचारलं, "भाऊ, पुण्याहून माणूस बोलिवला व्हता का?" भरतरावांनी आईला गोरं न करण्याची ताकीद देऊन मोठी प्रत काढून घेतली, आणि इतक्या दिवसांनी गावातून जरा मान वर करून घरी आले.

साळुबाईंना त्यांनी चष्मा लावायला दिला आणि फोटो मांडीवर ठेवला. त्यांनी तो उजेडाला धरला. बराच वेळ बघितलं. भरतराव वाट बघत होते.

"ही आमची आई," साळुबाई म्हणाल्या.

"अगं, ही तू आहेस."

"न्हाई रं. आमची आई अशीच बघायची. मी माहेराहून निगाली की तळेघरच्या रस्त्याला येऊन हुबी ऱ्हायची आन् अशीच मान तिरकी करून बघायची. तिचा फोटो कुणी काढला न्हाई. आमच्याकडं तवा कुणाचंच काढीत नव्हते. तिचं तोंड मी इसरून गेली व्हती रं भरत्या." त्यांनी चष्मा वर सारून पदरानं डोळे पुसले. "कुठनं शोधून आणलीस रं तिला?"

बघणाऱ्यानं 'ही साळुबाई' म्हणावं, एवढीच मूळ अट होती. आणि घरातल्या पहिल्याच बघणाऱ्यानं नाही म्हटलं. भरतरावांनी हे शालनला सांगायचं ठरवलं होतं, पण ते राहूनच गेलं.

"आणि तुझा फोटो?" त्यांनी नंतर विचारलं.

"माझा काढ की सवडीनं. मला कुठं घाई हाय? ही मात्र आत्ताच लाव. खाटंसमूर."

फोटो लागला. साळुबाई रोज सकाळी अंघोळ झाली की त्याला हळदीकुंकू लावतात, शेवंतीचा ताजा हार घालतात आणि हात जोडतात. भरतरावांनी दोनदा सुचवून पाहिलं की हार घातल्यावर लोकांचा गैरसमज होईल. साळुबाई म्हणाल्या, माझ्या आईला मी हार घालीन न्हाईतर काय करीन.

स्वराजचं लग्न थाटात पार पडलं. साळुबाई पुढच्या रांगेत बसून दोनदा जिलेबी मागून घेऊन जेवल्या. त्यानंतर पंधरवड्यानं निरगुडसरहून लांबचे पाव्हणे आले. बातमी त्यांच्यापर्यंत उशिरा पोचली होती. भरतरावांनी दार उघडलं. पाव्हण्यांनी समोर भिंतीवर हार घातलेली साळुबाई पाहिली, टोपी काढली आणि भरतरावांना मिठी मारली. त्यांच्या मंडळींनी उंबऱ्यातच बसकण मारून हंबरडा फोडला.

स्वयंपाकघरातून साळुबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या.

"नगा रडू बाई," त्या म्हणाल्या, "तिला जाऊन साठ वर्सं झाली. चहा घ्या."